मराठीतले चांगले वैयक्तिक ब्लॉग शोधायचे कसे, आणि वाचनगटात वाटायचे कसे?

कोथरूड_वाचनगट

नमस्कार. आमचा चौदा जणांचा वाचनगट आहे, महिन्यातून एकदा भेटतो. पुढचे सहा महिने पुस्तकांऐवजी ब्लॉगवरचं लेखन वाचायचं ठरलंय. बातम्या किंवा माहितीची पानं नकोत. एका माणसाने स्वतःच्या नजरेने पाहून, विचार करून लिहिलेलं हवंय. तीन ठिकाणी अडलंय.

एक, गूगलवर ‘उत्तम मराठी ब्लॉग’ टाकलं की सरकारी योजना, नोकरभरती, सुविचार आणि ‘ब्लॉगमधून पैसे कसे कमवावेत’ एवढंच येतं. दोन, जे पंधरा-वीस ब्लॉग सापडलेत ते ब्राउझरच्या बुकमार्कमध्ये पडून आहेत, कुणी नवीन काय लिहिलं ते कळत नाही. तीन, गटात लेख कसा द्यावा यावर एकमत नाही. काही जण अख्खा मजकूर व्हॉट्सॲपवर डकवतात, त्यात लेखकाचं नावच गळतं. निम्मे जण फोनवर वाचतात, तिघे फक्त संगणकावर, दोघांना कागदच लागतो.

नेमकी पद्धत सांगा, प्लीज.

टेकडीवरून

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. ‘ब्लॉग’ हा शब्द शोधात टाकायचाच नाही. मनापासून लिहिणारा माणूस आपल्या लेखात ‘मराठी ब्लॉग’ असं लिहीत नाही, तो सांडग्यांबद्दल किंवा घुबडांबद्दल लिहितो. ते शब्द पानभर पेरणारी मंडळी वेगळी, आणि तुम्हाला नेमकी तीच सापडतायत.

शोध वस्तूवरून घ्या. ‘पुण्याचा इतिहास’ टाकलंत तर वर्तमानपत्रं आणि पर्यटनाची पानं येतील. त्याऐवजी ‘कात्रज नळ उच्छ्वास हौद’ टाकून बघा. पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं, त्या नळावर हवा सुटायला ठेवलेल्या बांधकामांना उच्छ्वास म्हणतात. ज्याने ते शोधत पेठा पालथ्या घातल्यात त्याच्याच लेखात हा शब्द येणार. तसंच पानशेतच्या पुराचं. ‘पानशेत पूर माहिती’ टाकलं की तीच तीच पानं. ‘लकडी पूल गाळ ट्रंक १९६१’ असं टाकलं की कुणाच्या तरी घरातली आठवण वर येण्याची शक्यता कितीतरी वाढते. पक्षी बघणाऱ्यांचं लेखन हवं असेल तर ‘पुण्यातील पक्षी’ नको, ‘वेताळ टेकडी नाचण’ बरं. जितका शब्द जवळचा, तितका लिहिणारा जवळचा.

त्याला ठिकाणाची मर्यादा घाला, म्हणजे लोकांचे ब्लॉग जिथे असतात त्या सेवांमध्येच शोधा. ‘साइट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत, त्याला चिकटून कोलन, आणि जागा न सोडता ब्लॉगस्पॉट डॉट कॉम, हेही इंग्रजी अक्षरांतच. मग एक जागा सोडून तुमचे मराठी शब्द. हेच पुन्हा वर्डप्रेस डॉट कॉमसाठी करा. कोलननंतर जागा सुटली की ही युक्ती चालत नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं. नको ते गाळायला शब्दाला चिकटून वजाचं चिन्ह: ‘-भरती -योजना -सुविचार’. आणि दुहेरी अवतरणचिन्हांत एखादा बोलण्यातला तुकडा घाला: ‘असं वाटून गेलं’, ‘नंतर लक्षात आलं की’. माहितीच्या पानांवर असली वाक्यं क्वचितच असतात.

एक खरा ब्लॉग सापडला की मात्र शोधयंत्र बंद करा. इथून पुढे माणसाकडून माणसाकडे जायचं. ब्लॉगच्या बाजूच्या पट्टीत ‘मी वाचतो ते ब्लॉग’, ‘माझे शेजारी’ अशा नावाची यादी असते. ती बहुतेक वेळा पाच-सहा वर्षं निगुतीने जमवलेली असते, आणि कुठल्याही ‘टॉप टेन’पेक्षा भरवशाची. दुसरी जागा म्हणजे प्रतिक्रिया. लेखावर चार ओळींची नेमकी प्रतिक्रिया देणारा माणूस बऱ्याचदा स्वतःही लिहीत असतो. ब्लॉगस्पॉटवर त्याच्या नावावर टिचकी मारली की त्याची प्रोफाइल उघडते आणि तिथे त्याचे ब्लॉग दिसतात. काही ब्लॉगवर २०१९ च्या आधीच्या प्रतिक्रिया अजिबात दिसणार नाहीत. त्यांनी गूगल प्लस या गूगलच्या समाजमाध्यमाची प्रतिक्रियापेटी लावली होती. त्या वर्षी एप्रिलमध्ये ती सेवा बंद झाली आणि प्रतिक्रियाही गेल्या.

हे सगळं संगणकावर करा. फोनवर ब्लॉगस्पॉटची बाजूची पट्टी लपलेली असते, त्यामुळे यादी नाहीच असं वाटतं. फोनच हातात असेल तर पानाच्या तळाला ‘वेब आवृत्ती पहा’ आहे, किंवा पत्त्याच्या शेवटी असलेल्या ‘एम बरोबर १’ मधल्या एकाच्या जागी शून्य करा.

पारख करायला तीनच लेख वाचावेत: सगळ्यात नवा, मधला कुठलाही, आणि सगळ्यात पहिला. शेवटचा लेख २०१४ चा आहे म्हणून ब्लॉग टाकून देऊ नका. चाळीस चांगले लेख लिहून थांबलेला माणूस तुमच्या गटाच्या दृष्टीने जास्त सोयीचा. सगळं एका बैठकीत समोर येतं.

जुना_कळफलक

वरच्याशी सहमत. फक्त मराठीत शोधताना लेखनाच्या तऱ्हा सांभाळाव्या लागतात, नाहीतर २००५ ते २०१२ मधलं फार चांगलं लेखन हातून निसटतं.

‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधीचे लोक, आणि नंतरही बरेच जण, ‘ऍ’ लिहीत. म्हणून ‘ॲसिडिटी’ आणि ‘ऍसिडिटी’ दोन्ही शोधा. बरहा या टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरवर टंकणाऱ्यांच्या लेखनात ‘ब्लॉग’चा ‘ब्लॊग’ आणि ‘डॉक्टर’चा ‘डॊक्टर’ झालेला दिसतो. तो मुद्दाम तसाच टाइप करून शोधा, जुनी खाण सापडते. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन पद्धतींनी टंकता येतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला वेगळे. गूगल यातलं थोडं सांभाळून घेतं, पण ब्लॉगच्या स्वतःच्या शोधपेटीवर तितका भरवसा ठेवू नका. तिथे असा शब्दच टाळावा, साधं नाम टाकावं. आकडेही ‘१९६१’ आणि इंग्रजी आकड्यांतलं, असे दोन्ही टाकून पाहा. ‘केलं’ आणि ‘केले’ यांचंही तेच.

आणखी एक. त्या काळात बरेच जण ब्लॉगला ‘अनुदिनी’ किंवा ‘जालनिशी’ म्हणत. ‘ब्लॉग’ टाकून येणारा कचरा या दोन शब्दांना चिकटलेला नाही. मनोगत, मायबोली, मिसळपाव, ऐसी अक्षरे या मराठी संकेतस्थळांवरच्या सदस्यांच्या माहितीपानावरही काही वेळा त्यांच्या ब्लॉगचा पत्ता असतो. ‘रेषेवरची अक्षरे’ नावाचा ई-दिवाळी अंक तर ब्लॉगवरच्या निवडक लेखनाचाच असे. त्यातल्या एकेका लेखावरून मूळ ब्लॉगवर जा.

आता मेलेले दुवे. जुन्या याद्यांमध्ये ब्लॉगस्पॉट डॉट इन असे पत्ते भरपूर आहेत, कारण एके काळी भारतातून ब्लॉग उघडला की पत्ता आपोआप डॉट इन व्हायचा आणि लोक तोच चिकटवायचे. २०२० मध्ये तो डॉट इनचा पत्ता गूगलच्या हातून गेला. तो दुवा उघडला नाही किंवा भलतंच पान दिसलं तर ब्लॉग बंद पडला असं धरू नका. ‘इन’ खोडून ‘कॉम’ करा, बाकी पत्ता तसाच ठेवा. बहुतेक वेळा ब्लॉग जागेवर असतो.

लेखकाने ब्लॉग खरोखरच पुसला असेल तर पत्ता वेबॅक मशीनमध्ये टाका, हे वेबवरची जुनी पानं साठवून ठेवणारं संकेतस्थळ आहे. वर्षांची पट्टी आणि खाली दिनदर्शिका दिसते, त्यातल्या गोल खुणेवर टिचकी मारायची. मुखपृष्ठ मिळालं आणि आतला लेख मिळाला नाही, तर ब्लॉगच्या बाजूच्या पट्टीतल्या महिन्यांच्या यादीतून जाऊन बघा. ब्लॉगस्पॉटवर महिन्याच्या पानावर बऱ्याचदा पूर्ण लेख असतात, आणि ते पान कधी कधी साठवलेलं असतं. आज जिवंत असलेला, आवडलेला लेखही तिथल्या ‘सेव्ह पेज नाऊ’ पेटीत टाकून ठेवा. मिनिटभराचं काम आहे.

पानवेल

फीडबद्दल मी लिहिते. बुकमार्क ही जागा ब्लॉगसाठी नाहीच.

जवळपास प्रत्येक ब्लॉगला एक फीड असतं, म्हणजे नव्या लेखांची यंत्राला वाचता येणारी यादी. फीड वाचणारं एक ॲप घ्यायचं, त्यात सगळे पत्ते भरायचे, की नवा लेख आपोआप समोर येतो. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं तेव्हापासून अनेकांनी ही सवयच सोडली, पण फीड चालूच राहिली. संगणक आणि फोन दोन्हीकडे हवं असेल तर फीडली किंवा इनोरीडर. फक्त अँड्रॉइड फोन असेल तर फीडर. मॅक किंवा आयफोन असेल तर नेटन्यूजवायर, ते फुकट आहे. ज्यांचं ईमेल थंडरबर्डमध्ये येतं त्यांनी तिथेच फीडचं नवीन खातं उघडावं. लेख पत्रासारखे येऊन पडतात, नवीन काही शिकावं लागत नाही. तुमच्या संगणकवाल्या तिघांना हेच द्या. गटाच्या चाळीस-पन्नास ब्लॉगना फुकट खातं पुरतं.

नुसता ब्लॉगचा पत्ता टाकला की ॲप बहुधा फीड स्वतः शोधतं. नाही सापडलं तर हाताने, सगळं इंग्रजी अक्षरांत: ब्लॉगस्पॉटसाठी मुखपृष्ठाच्या पत्त्यापुढे स्लॅश, फीड्स, स्लॅश, पोस्ट्स, स्लॅश, डीफॉल्ट. वर्डप्रेस आणि सबस्टॅकसाठी नुसतं स्लॅश फीड. टम्बलरसाठी स्लॅश आरएसएस. एखाद्याच्या ब्लॉगवर स्वयंपाक, राजकारण आणि किल्ले सगळंच असेल आणि तुम्हाला किल्लेच हवे असतील, तर वर्डप्रेसवर त्या वर्गाचं पान उघडून त्याच्या पत्त्यापुढे स्लॅश फीड लावा. ब्लॉगस्पॉटवर वरच्या पत्त्यापुढे स्लॅश, एक आडवी रेघ, पुन्हा स्लॅश आणि लेबल. लेबल मराठीत असलं तरी चालतं.

‘नवे लेख ईमेलने मिळवा’ अशी पेटी जुन्या ब्लॉगस्पॉट ब्लॉगवर दिसेल. तिच्यात ईमेल भरू नका. ती फीडबर्नर या गूगलच्या सेवेवर चालायची आणि ती ईमेल सेवा २०२१ मध्ये बंद झाली. पेटी तशीच उभी आहे, पत्र काही येणार नाही.

फीडमध्ये फक्त अलीकडचे लेख येतात. वर्डप्रेसवर ठरलेले १०, ब्लॉगस्पॉटवर २५. जुनं वाचायला ब्लॉगवरच जावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं: महिन्यातून एकदा ओपीएमएल फाइल उतरवून घ्या. सेटिंगमध्ये ‘एक्सपोर्ट’ असं असतं. ही म्हणजे तुमच्या सगळ्या ब्लॉगची यादी, एका छोट्या फाइलमध्ये. उद्या ॲप बंद पडलं तरी दुसऱ्यात ती चढवता येते. आणि गटातल्या नव्या सदस्याला पन्नास दुवे एकेक करून द्यावे लागत नाहीत, ही एक फाइल दिली की झालं.

कोथरूड_वाचनगट

सगळ्यांचे मनापासून आभार. उच्छ्वास शोधून पाहिले, पहिल्याच पानावर दोन ब्लॉग मिळाले.

दोन शंका. काही ब्लॉगचे फीडमध्ये चार-पाच ओळीच येतात, पूर्ण लेख नाही. हे ॲपचं चुकतंय का? आणि गटात सात-आठ जण असे आहेत की ते कुठलंच ॲप टाकणार नाहीत. त्यांचं काय करावं?

पानवेल

ॲपचं काही चुकत नाही. फीडमध्ये पूर्ण लेख द्यायचा की सुरुवात, हे लेखक ठरवतो. मथळ्यावर टिचकी मारून ब्लॉगवर वाचा, लेखकाला भेट मोजली जाते हेही बरंच आहे.

ॲप न टाकणाऱ्यांसाठी सोपी वाट आहे. गटाच्या नावाने ब्लॉगस्पॉटवर एक फुकट ब्लॉग उघडा. त्यात लेख लिहायचा नाही. लेआउटमध्ये जाऊन ‘ॲड अ गॅझेट’, त्यात ‘ब्लॉग लिस्ट’ निवडा. जमवलेले पत्ते एकेक करून भरा. क्रम ‘अलीकडे बदललेले आधी’ असा ठेवा, आणि ‘ताज्या लेखाचा मथळा’ व ‘शेवटच्या बदलाची तारीख’ या दोन चौकटींवर खूण करा. झालं. कुणी नवा लेख लिहिला की त्याचं नाव आपोआप वर येतं. सदस्यांनी एवढं एकच पान उघडायचं.

यात दोन ठिकाणी फसतं. फोनवर यादी दिसत नाही, कारण मोबाइल थीम गॅझेट लपवते. थीमच्या पानावर ‘कस्टमाइज’शेजारच्या बाणात ‘मोबाइल सेटिंग्ज’ आहे, तिथे ‘डेस्कटॉप’ निवडा. आणि ज्या ब्लॉगचं फीड लेखकाने बंद ठेवलंय तो यादीत तळाला पडून राहतो, तारीख नसते. असे तीन-चार निघतील; ते महिन्यातून एकदा हाताने बघा.

शुद्धलेखन_शनिवार

वाटण्याबद्दल. अख्खा मजकूर डकवणं थांबवा, यात मधला मार्ग नाही. नाव गळतं ते मुद्दाम कुणी काढतं म्हणून असं नाही. ब्लॉगवर लेखकाचं नाव मजकुराच्या बाहेर, पानाच्या माथ्यावर किंवा तळाला असतं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत निवडून कॉपी केलं की नाव बाहेरच राहतं. पुढे तो मजकूर तिसऱ्या गटात जातो आणि तिथे कुणीतरी खाली ‘लेखक अज्ञात’ लिहितो.

कायद्यानेही लेखन लिहिल्या क्षणापासून लेखकाचं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात त्यासाठी नोंदणी लागत नाही. परीक्षण किंवा चर्चेसाठी उतारा देता येतो, आणि लेखकाचं नाव लावून घेण्याचा हक्क त्याच्याकडे वेगळा राहतो. काही ब्लॉगच्या तळाला क्रिएटिव्ह कॉमन्सची खूण असते. ती असेल तर नाव देऊन वाटता येतं, तिथल्या अटी मात्र वाचा.

दुवा पाठवायची रीत अशी ठेवा. आधी लेखाचा मथळा आणि लेखकाने ब्लॉगवर वापरलेलं नाव, मग लेखाचं साल, मग दोन ओळी: या लेखात काय पाहण्यासारखं आहे. ‘छान आहे, जरूर वाचा’ याला कुणी टिचकी मारत नाही. ‘आईच्या हातच्या पुरणाबद्दल नाही, पुरणयंत्र घासण्याबद्दल आहे, शेवटचे दोन परिच्छेद चुकवू नका’ असं लिहिलंत तर मारतील. सगळ्यात खाली दुवा. मथळा हाताने लिहिणं इथे गरजेचं आहे. मथळा देवनागरीत असला की ब्लॉगस्पॉट पत्त्यात तो घेत नाही, ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा एवढंच उरतं. महिन्याभराने दहा दुव्यांतला कुठला कशाचा, काही कळत नाही. वर्डप्रेसवर उलट होतं. तिथे प्रत्येक मराठी अक्षराचे आणि मात्रेचे टक्क्याच्या चिन्हांसह नऊ वर्ण होतात, दुवा हातभर लांब होतो आणि साध्या मजकुराच्या ईमेलमध्ये मधेच तुटतो. तो पाठवल्यावर स्वतः एकदा उघडून बघा.

फोनवरून कॉपी केलेल्या ब्लॉगस्पॉट दुव्याच्या शेवटी ‘एम बरोबर १’ असतं. प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं पुसून पाठवा, नाहीतर संगणकवाल्यांना फोनचं अरुंद पान दिसतं. व्हॉट्सॲपवर दुवा डकवल्यावर दोन-तीन सेकंद थांबा. मथळ्याची चौकट पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होते, घाईने पाठवलंत तर ती जात नाही.

आठवड्याला तीनच दुवे, ठरलेल्या वारी, एकाच माणसाकडून. रोज दिले तर कुणी वाचत नाही. आणि शेअर केलेल्या तक्त्यात नोंद ठेवा: मथळा, लेखक, साल, दुवा, कुणी सुचवला, वेबॅकमध्ये साठवला का. व्हॉट्सॲपवरून वर सरकत गेलेला दुवा पुन्हा सापडत नाही.

आजारपण, घरातला मृत्यू, नवरा-बायकोतलं काही, अशा लेखांना चौदा जणांसमोर मांडण्याआधी लेखकाला विचारा. ब्लॉग उघडा आहे हे खरं, पण तो वीस-पंचवीस ओळखीच्या वाचकांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला असू शकतो.

टेकडीवरून

एक भर. फिरत आलेला निनावी मजकूर मिळाला तर मूळ लेखक शोधता येतो. लेखाच्या मधलं, जरा वेगळ्या शब्दांचं सात-आठ शब्दांचं वाक्य उचला आणि दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. पहिली ओळ उचलू नका, फिरताना सगळ्यात जास्त बदल तिथेच होतात. तीन-चार ब्लॉगवर तोच मजकूर निघाला तर पानावरच्या तारखेवर विसंबू नका, ती मागची टाकता येते. वेबॅकमध्ये कुठलं पान आधी साठवलं गेलं ते पाहा, आणि त्या ब्लॉगवरचं बाकीचं लेखन त्याच हातचं वाटतं का तेही.

आणि वाचून झाल्यावर मूळ ब्लॉगवर प्रतिक्रिया लिहा. गटाची चर्चा झाली की सगळ्यांच्या वतीने एकाने, लेखातल्या कुठल्या वाक्यावर आपण थांबलो ते लिहून. दहा वर्षं थांबलेल्या ब्लॉगवरही प्रतिक्रियेची सूचना लेखकाच्या ईमेलवर जाऊ शकते. ब्लॉगस्पॉटवर प्रतिक्रिया देताना पुन्हा पुन्हा लॉगिन मागत असेल आणि लिहिलेलं पुसलं जात असेल, तर ब्राउझर त्रयस्थ कुकी, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणारी खूण, अडवत असेल. दुसरा ब्राउझर वापरा किंवा ‘नाव’ हा पर्याय निवडा. मजकूर आधी दुसरीकडे लिहून कॉपी करून ठेवा. प्रतिक्रियेत दुवा घालू नका, ती स्पॅममध्ये जाऊ शकते.

कोथरूड_वाचनगट

पानवेल, ब्लॉग लिस्ट लावून झाली, एकतीस ब्लॉग आहेत. उरली कागदवाली दोन माणसं.

जुना_कळफलक

फायरफॉक्स किंवा सफारीत लेखाचं स्वतंत्र पान उघडा. मुखपृष्ठावर हे चालणार नाही. पत्त्याच्या पेटीत पानासारखी खूण येते, ती दाबली की बाजूच्या पट्ट्या आणि जाहिराती जातात. तिथेच अक्षर दोन पायऱ्यांनी मोठं करा, फायरफॉक्समध्ये ओळींमधलं अंतरही वाढवा. मराठीला वर-खाली मात्रा असल्याने इंग्रजीसाठी ठरवलेलं अंतर कमी पडतं. मग प्रिंट. शीर्षकाखाली लेखकाचं नाव आणि दुवा आला नाही तर पेनाने लिहा. दोन प्रती घरच्या वाचनासाठी ठीक. चौदा प्रती झेरॉक्स करून वाटायच्या असतील तर लेखकाला आधी दोन ओळींचं पत्र टाका.